वय झालं म्हणून गाडीची चावी काढून घ्यायची का?

आईवडिलांनी या वयात गाडी चालवावी की नाही, हा विषय बहुतेक घरांत फार उशिरा निघतो. बंपरवर ओरखडा दिसतो, गेटच्या खांबाला रंग लागलेला असतो, नाहीतर शेजारचं कोणी सांगतं, "काल काकाजी लाल सिग्नलवर थांबलेच नाहीत." मग मुलगा एकदम सांगून मोकळा होतो, "बाबा, आता गाडी बंद." बाबांचंही उत्तर तयार असतं, "मी चाळीस वर्षांपासून चालवून राहिलो, तू मला सांगतो?" मुलाची काळजी खरी असते आणि बाबांचा अनुभवही खरा असतो. पण बाबा आज कशी गाडी चालवतात, हे दोघांपैकी कोणीच नीट तपासलेलं नसतं.

ते तपासता येतं. गाडी चालवण्याच्या क्षमतेचे वेगवेगळे भाग असतात. त्यातला कोणता कमजोर झाला आहे हे शोधता येतं आणि बरेचसे भाग सुधारताही येतात. पंचाहत्तरीचा एखादा माणूस साठीच्या माणसापेक्षा चांगली गाडी चालवतो, कारण शरीर सगळ्यांचं सारख्या वेगानं थकत नाही. म्हणून नुसत्या वयाकडे पाहून चावी काढून घेणं मला अन्यायाचं वाटतं. आणि काहीच न तपासता "चालतंय ना" म्हणत राहणं धोक्याचं वाटतं.

लायसन्स रिन्यू झालं म्हणजे सगळं ठीक, असं अनेकजण धरून चालतात. आपल्याकडे वयाच्या 55 नंतर लायसन्स एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतं. चाळिशीनंतर त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तो फॉर्म 1-ए. शिवाय फॉर्म 1 मध्ये आपण स्वतः लिहून द्यायचं असतं: चक्कर किंवा फिट येते का, रातांधळेपणा आहे का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, दिवसाउजेडी 25 मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का. प्रश्न चांगले आहेत, पण बहुतेकजण न वाचताच खुणा करून मोकळे होतात. नागपुरात गिरीपेठच्या आरटीओत कागद द्यायला जाण्याआधी घरासमोरच्या रस्त्यावर 25 मीटर मोजा, साधारण तीस-पस्तीस पावलं होतात, आणि नंबरप्लेट खरंच वाचून बघा. तरीही लक्षात ठेवा की स्थिर उभं राहून नंबरप्लेट वाचणं आणि व्हरायटी चौकातून गाडी काढणं यात खूप फरक आहे. शिवाय एका रिन्यूअलपासून दुसऱ्या रिन्यूअलपर्यंत सत्तरीचा माणूस पंचाहत्तरीचा होतो.

जपाननं यावर बराच विचार केला आहे. तिथे सत्तरीनंतर लायसन्स रिन्यू करताना ज्येष्ठांसाठीच्या खास वर्गाला बसावं लागतं आणि 75 नंतर स्मरणशक्ती व आकलनाची चाचणी द्यावी लागते. त्या वयात काही ठरावीक नियम मोडलेले असतील, तर मे 2022 पासून प्रत्यक्ष गाडी चालवूनही दाखवावी लागते. आपल्याकडे असं काही नाही, त्यामुळे हे काम घरानं आणि डॉक्टरांनी मिळूनच करायला हवं.

उजवीकडे वळताना डोक्यात काय चालतं

गाडी चालवणं म्हणजे बघणं, ठरवणं आणि करणं. ही तीन कामं एकाच वेळी सतत चालू असतात. तिन्हींची खरी परीक्षा होते ती उजवीकडे वळताना. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणून उजवीकडे वळायचं तर समोरून येणारी रांग कापावी लागते. समोरची बस किती लांब आहे, ती किती वेगात आहे, तिच्या आडून एखादी स्कूटर निघते आहे का, आपण वळणार त्या रस्त्यावर कोणी पायी ओलांडतंय का, हे सगळं दोन-तीन सेकंदांत जुळवायचं असतं. वय वाढतं तसा समोरच्या वाहनाच्या वेगाचा अंदाज चुकायला लागतो, नजर एका गोष्टीवरून दुसरीवर जायला वेळ लागतो आणि पायही थोडा उशिरा हलतो. वयस्क चालकांचे अपघात चौकात आणि अशा वळणांवर जास्त होतात, हे अनेक देशांत दिसून आलं आहे.

नागपुरात याला उन्हाळ्याची जोड मिळते. गेल्या काही वर्षांत ऐन उन्हाळ्यात भर दुपारी शहरातले बरेच सिग्नल काही तास बंद ठेवतात. लोकांना 45 अंशांच्या उन्हात उभं राहावं लागू नये, हा हेतू चांगलाच आहे. पण सिग्नल होता तेव्हा हिरवा दिवा लागला की निघायचं एवढंच काम होतं. तो बंद असला की कधी घुसायचं, कोणाला जाऊ द्यायचं हे दर वेळी स्वतः ठरवावं लागतं. वयस्क माणसाला नेमकं हेच जड जातं. त्या वेळेत बाहेर न पडणं उत्तम. पडावंच लागलं तर थोडं पुढे जाऊन एकामागोमाग तीनदा डावीकडे वळलं, की उजवीकडे न वळताही हव्या त्या दिशेला लागता येतं. पाच मिनिटं जास्त लागतील, पण समोरून येणारी रांग कापावी लागणार नाही.

पाय उशिरा हलणं म्हणजे नेमकं किती? ताशी 50 किलोमीटरच्या वेगानं गाडी एका सेकंदात जवळपास 14 मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एखाद्याला एक सेकंद लागत असेल आणि दुसऱ्याला दीड, तर दुसऱ्याची गाडी ब्रेक लागायच्या आधीच 7 मीटर जास्त पुढे गेलेली असते. म्हणजे जवळपास दोन छोट्या कार एकामागे एक उभ्या राहतील एवढं अंतर. हे अर्धं सेकंद प्रयत्न करून परत मिळणं कठीण. पण वेग 40 वर आणला आणि पुढच्या गाडीपासून तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवलं, तर त्याची बरीच भरपाई होते. अंतर मोजायची पद्धत सोपी आहे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात "एक हजार एक, एक हजार दोन" असं मोजायला लागायचं. तीनच्या आत आपण खांबाजवळ पोचलो, तर फार जवळून चाललो आहोत.

डोळे: फक्त नंबर नाही

डोळ्यांवर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त फायदा इथे पदरात पडतो.

साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पडद्यापर्यंत पोचतो. बाहुली लहान होते आणि आतलं भिंग पिवळट होतं. चष्म्याचा नंबर बरोबर असला तरी संध्याकाळी सगळं मंद दिसतं आणि समोरून पांढरा झगझगीत एलईडी हेडलाइट आला, की नजर सावरायला तरुण माणसापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात दिवा नसलेली ई-रिक्षा किंवा रस्त्यात बसलेली गाय दिसतच नाही. रात्री वापरायचे म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नका, ते उलट आणखी उजेड अडवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे फरक ओळखण्याची नजर. काळ्या पाटीवरचं पांढरं अक्षर दिसणं वेगळं आणि करड्यावरचं करडं दिसणं वेगळं. आपल्या शहरात सिमेंटचे रस्ते भरपूर झाले. मे महिन्याच्या दुपारी असा रस्ता पांढराफटक दिसतो. त्यावर सिमेंटचाच, पट्टे न मारलेला गतिरोधक असला तर तरुणांनाही तो शेवटच्या क्षणी दिसतो. सुरुवातीचा मोतीबिंदू असलेल्याला तो दिसतच नाही, थेट आदळतो तेव्हाच कळतो. घरच्यांना वाटतं बाबांचं लक्ष नव्हतं. खरं तर लक्ष होतं, पण डोळ्यांनी तो गतिरोधक दाखवलाच नाही.

मोतीबिंदूच्या बाबतीत मात्र मोठा दिलासा आहे. अमेरिकेतल्या अलाबामात झालेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. मोतीबिंदू असलेल्या वयस्क चालकांपैकी ज्यांनी ऑपरेशन करून घेतलं त्यांचं अपघातांचं प्रमाण, न करणाऱ्यांच्या जवळपास निम्मं निघालं. "पिकला की काढू" हा जुना सल्ला अजून घराघरांत ऐकू येतो. जो माणूस गाडी चालवतो त्यानं पिकायची वाट बघू नये. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसायला लागली, की डोळ्यांच्या डॉक्टरांना "मी गाडी चालवतो" हे आवर्जून सांगावं. मेडिकल किंवा मेयो ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं असोत की खासगी दवाखाना, हे एक वाक्य सांगितलं की तपासणीची दिशाच बदलते.

काचबिंदूचं मात्र उलट आहे. त्यात समोरचं नीट दिसत राहतं आणि कडेची नजर हळूहळू, न कळत जाते. तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस डावीकडून आलेली सायकल पाहू शकत नाही, असं होऊ शकतं. गेलेली नजर परत येत नाही, पण थेंब वेळेवर सुरू झाले तर उरलेली टिकवता येते. म्हणून साठीनंतर वर्षातून एकदा डोळ्यांचा दाब आणि गरज वाटल्यास नजरेचा घेर तपासून घ्यावा. मधुमेह असेल तर पडद्याची तपासणीही त्याच वेळी.

लक्ष, मेंदू आणि तीन मिनिटांची चाचणी

डोळे उत्तम असूनही माणूस समोरची गोष्ट चुकवतो, कारण मेंदूला एका नजरेत किती टिपता येतं त्यालाही मर्यादा असते. मान न हलवता, झटक्यात जेवढ्या भागातली माहिती मेंदू घेतो तो भाग वयानुसार आकसतो. कार्लिन बॉल आणि सिंथिया ओस्ली या संशोधकांच्या 1998 च्या अभ्यासात ज्यांचा हा भाग 40 टक्के किंवा त्याहून जास्त कमी झाला होता, त्यांना पुढच्या तीन वर्षांत अपघात होण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून थोडी जास्त आढळली.

डॉक्टर यासाठी काही साध्या चाचण्या वापरतात. एकीत कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आळीपाळीनं रेघेनं जोडायची असतात: 1 वरून ए, ए वरून 2, 2 वरून बी. याला तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर पुढची तपासणी करायला हवी असं समजतात. दुसरीत घड्याळाचं चित्र काढून सांगितलेली वेळ दाखवायची. यात नापास झालं म्हणजे गाडी बंद, असा अर्थ नाही. आता नीट तपासायला हवं, एवढंच त्यातून कळतं. मेडिकलमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग आहे. हात, पाय, लक्ष आणि रोजची कामं यांचा एकत्र विचार करणारी ही शाखा आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत असतं.

मेंदू एका नजरेत जेवढं टिपतो तो भाग सरावानं सुधारतो. वेगानं चित्रं ओळखण्याच्या संगणकावरच्या सरावाची साधारण दहा सत्रं अमेरिकेत ज्येष्ठांना दिली गेली. पुढच्या सहा वर्षांत त्यांच्या स्वतःच्या चुकीनं झालेले अपघात, सराव न केलेल्यांच्या तुलनेत जवळपास निम्मे होते, असं 2010 च्या अहवालात आहे. शब्दकोड्यांवर मात्र ही अपेक्षा ठेवू नका. ती आनंदासाठी सोडवावीत, वेगानं बघण्याचा सराव त्यातून होत नाही.

शरीराची तपासणी घरीच सुरू करता येते. दहा फूट भरभर चालत जा, वळा आणि परत या. नऊ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांची ताकद आणि तोल, दोन्हींकडे बघायला हवं. खुर्चीत बसून मान दोन्ही बाजूंना वळवा. खांद्यावरून मागची भिंत दिसत नसेल, तर गाडी मागे घेताना आणि लेन बदलताना अडचण येणारच. मानेचे, घोट्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज दहा मिनिटं केले तर काही आठवड्यांत फरक पडतो.

पायांवरून एक गंभीर गोष्ट सांगायला हवी. 2019 मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात 87 वर्षांच्या चालकाच्या गाडीच्या धडकेत एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी ठार झाली. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला, असं कोर्टानं ठरवलं. गुडघे दुखतात म्हणून आपल्याकडेही अनेक ज्येष्ठ आता ऑटोमॅटिक कार घेतात. निर्णय बरोबर आहे. पण तीस-चाळीस वर्षं क्लचची सवय असलेल्यानं नवी गाडी आधी मोकळ्या मैदानात शिकावी. टाच ब्रेकच्या समोर टेकलेली ठेवून, पाय न उचलता नुसता तिरका करायची सवय लावावी. स्लिपर घालून कार चालवू नये. आसन असं ठेवावं की छाती आणि स्टिअरिंग यात साधारण 25 सेंटिमीटर अंतर राहील. बुटकी माणसं पार स्टिअरिंगला चिकटून बसतात, त्यांनी खाली घट्ट उशी घ्यावी.

नागपुरात बहुतेक ज्येष्ठ कारपेक्षा स्कूटरवर जास्त दिसतात. स्कूटरचा खरा धोका वेगात नाही, अगदी हळू चालवण्यात आहे. भाजीची पिशवी पुढे अडकवून यू-टर्न घेताना तोल जातो आणि पाय टेकवायला गुडघा साथ देत नाही. गाडी बंद असताना तिच्यावर बसून दोन्ही तळवे पूर्ण टेकतात का ते बघा. एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का, तेही बघा. दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर कारच्या आधी स्कूटर सोडण्याचा विचार करायला हवा.

औषधांवर थोडक्यात, पण नीट वाचा. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचा असर सकाळी उतरलेला नसतो. सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्यांनी झापड येते. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उभं राहताना रक्तदाब घसरतो. लघवी वाढवणारी गोळी आणि नवतप्याचं कडक ऊन एकत्र आले, की चक्कर ठरलेली. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी साखर अचानक उतरण्याचा धोका ओळखावा. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या चालकांना सांगतात की निघण्याआधी साखर तपासा, 90 पर्यंत किंवा खाली असेल तर आधी काही खा. वाटेत साखर उतरली, तर खाऊन ती जागेवर आल्यानंतरही 45 मिनिटं थांबा. हा नियम आपणही पाळायला काही हरकत नाही. औषधांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जावं आणि यातल्या कोणत्या गोळीनंतर गाडी चालवू नये, हे सरळ विचारावं.

बाजूला बसून बघायचं ते काय

या सगळ्या तपासण्यांपेक्षा मोलाची एक गोष्ट घरातल्यांच्या हातात आहे: नेहमीच्या रस्त्यावर नेहमीच्या वेळी बाबांच्या बाजूला बसून जाणं. त्रिमूर्तीनगरहून लॉ कॉलेज चौकापर्यंत गेलं तरी खूप कळतं. सूचना द्यायच्या नाहीत, ओरडायचं नाही, ब्रेक मारल्यासारखा पाय दाबायचा नाही. फक्त बघायचं.

चौक जवळ येताना वेग आधीपासून कमी होतो की शेवटी कचकन ब्रेक लागतो? लेन बदलताना आरसा बघितला जातो का? सिग्नल हिरवा झाल्यावर मागून हॉर्न येईपर्यंत गाडी उभी राहते का? गप्पा मारताना वेग कमी-जास्त होतो का? ओळखीच्या रस्त्यावर कुठे वळायचं हे विसरलं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल, तर ते बाकी सगळ्यांपेक्षा गंभीर समजा आणि लवकर डॉक्टरांकडे न्या. वाट विसरणं, पेडल चुकणं, "ती गाडी आलीच कुठून" असं वारंवार म्हणणं या स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीच्या खुणा असू शकतात. आजार मधल्या टप्प्यात गेल्यावर गाडी बंदच करावी लागते, तिथे सराव उपयोगी पडत नाही.

घरी आल्यावर लगेच भाषण देऊ नका. एखादी नेमकी गोष्ट सांगा, "बाबा, शंकरनगरला डावीकडची स्कूटर तुम्हाला दिसली नव्हती ना?" बरेचदा तेच मान हलवतात आणि स्वतःहून सांगतात, "हो, त्या बाजूनं कमी दिसतं अलीकडे." इथून डॉक्टरांकडे जाण्याची वाट मोकळी होते. "तुम्हाला आता जमत नाही" या वाक्यानं ती बंद होते.

गाडी एका दिवसात बंद करावी लागत नाही. बहुतेकांना टप्प्यानं सोडता येते. आधी रात्रीची गाडी सोडायची, मग पावसातली, मग रिंगरोड आणि वर्धा रोडचा वेगवान डबलडेकर पूल. रविवारी सकाळी सिव्हिल लाइन्सच्या रुंद, शांत रस्त्यांवर चालवणारा माणूस संध्याकाळी सहाला बर्डीत जायला मेट्रो घेऊ शकतो. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात आणि स्टेशनांवर लिफ्ट आहेत. पहिल्या वेळी कोणीतरी सोबत जाऊन तिकीट, लिफ्ट, फलाट दाखवून द्यावं. गावी जायला एसटी आहे, 75 वर्षांवरच्यांना ती मोफत आणि 65 ते 75 वयाच्यांना अर्ध्या तिकिटात आहे.

पूर्ण बंद करायची वेळ आली, तर ते शक्यतो डॉक्टरांच्या तोंडून येऊ द्या. मुलानं सांगितलं तर तो अपमान वाटतो, डॉक्टरांनी सांगितलं तर तो सल्ला असतो. त्याआधी घरात बसून एक यादी करा: बँक, दवाखाना, भजनी मंडळ, मंगळवारचा गणेश टेकडीचा फेरा, मित्राचं घर. प्रत्येकासमोर कोण नेणार, कोणत्या दिवशी, हे नाव घालून लिहा. यादी करताना बाबा तिथे बसलेले हवेत, आणि ज्यांची नावं लिहिली तेही.